नव्या डॉक्टरांना ‘लक्ष लागत नाही’ हे कसे सांगावे?

लक्ष लागत नाही हे नव्या डॉक्टरांना सांगायचे आहे, पण ते आपल्याला आळशी ठरवतील किंवा केवळ गोळ्यांसाठी आलेला समजतील, अशी धास्ती आपण प्रश्नात लिहिली आहे. ती मलाही होती. म्हणून पहिल्या भेटीत मी पाठदुखीबद्दलच बोलत बसलो आणि मूळ विषय काढला तो उठून दाराशी गेल्यावर. साहजिकच ‘ताण घेऊ नका’ एवढ्यावर बोळवण झाली.

दुसऱ्या खेपेला मी बसताक्षणीच सांगितले की, आज याच एका कारणासाठी आलो आहे. ‘मला एडीएचडी (लक्ष न टिकणे, उतावळेपणा किंवा अतिचंचलता हा विकार) आहे’ असे मात्र म्हणालो नाही, कारण निदान करणे त्यांचे काम आणि काय घडते ते सांगणे आपले. आठवडाभर एका कागदावर मी टिपून ठेवले होते: एकच परिच्छेद चार वेळा वाचूनही डोक्यात शिरला नाही, गॅसवरचे पाणी आटून भांडे करपले, पैसे खात्यात असूनही वीजबिलाची मुदत टळली. तो कागद त्यांनी मागून घेतला आणि शेवटपर्यंत वाचला.

त्यानंतरचा बराच वेळ ‘हे कधीपासून होते?’ या एकाच प्रश्नावर गेला. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या २०१३ च्या अमेरिकी पुस्तिकेतील निकषांनुसार एडीएचडीची काही लक्षणे वयाच्या १२ वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात, आणि तीही घर व शाळा किंवा काम अशा किमान दोन ठिकाणी. त्यामुळे जुनी प्रगतिपुस्तके सापडली तर सोबत न्यावीत, नाहीतर आईला किंवा थोरल्या भावंडांना आधी विचारून ठेवावे. त्रास अलीकडचाच असेल तर थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, रक्तक्षय, नैराश्य किंवा झोपेत श्वास अडकणे यांकडे आधी पाहिले जाते, म्हणून रक्ततपासणी सांगितली तर ती टाळाटाळ समजू नये.

घेत असलेली सगळी औषधे सांगावीत. अंगाला खाज सुटते म्हणून मी रोज रात्री घेत असलेली गोळी मला औषध वाटतच नव्हती. तशा काही गोळ्यांची सुस्ती दुसऱ्या दिवशीही राहते, हे मला तिथेच कळले. मद्यपान आणि जागरणेही लपवू नयेत.

एका भेटीत निदान होईलच असे नाही. निघण्यापूर्वी पुढची तपासणी कोणती, पुन्हा कधी यायचे आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे लागेल का, हे तीन प्रश्न विचारून उत्तरे त्याच कागदावर लिहून घ्यावीत. माझ्यासारख्याच्या ती घरी पोहोचेपर्यंतही लक्षात राहत नाहीत.