‘रॅपरीण’, ‘महिला रॅपर’ की नुसतं ‘रॅपर’?

प्रश्न: फोंड्याच्या एका महाविद्यालयीन महोत्सवाचं मराठी निवेदन आणि छापील कार्यक्रमपत्रिका तयार करायची आहे. रॅप करणारी विद्यार्थिनी मंचावर येणार आहे. तिला ‘रॅपरीण’ म्हणावं, ‘महिला रॅपर’ की ‘रॅप गायिका’?

उत्तर: ‘रॅपर’ म्हणावं, पुढेमागे काही न जोडता.

गोव्यात ‘रॅपरीण’ सुचतं ते साहजिक आहे. कोकणीत गावपी-गावपीण, नाचपी-नाचपीण, बरोवपी-बरोवपीण (लेखक-लेखिका) या जोड्या रोजच्या बोलण्यातल्या आहेत. तिथे ‘-ईण’ लागल्याने काम करणारीचं काम कमी होत नाही. मराठीत मात्र या प्रत्ययाला दुसरा अर्थही चिकटलेला आहे. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, आणि मास्तरीण म्हणजे शिकवणारी की मास्तरांची बायको हे संदर्भावरून ठरतं. कार्यक्रम मराठीत आहे, तेव्हा ऐकणाऱ्याच्या कानाला ‘रॅपरीण’ थोडं थट्टेचंच वाटेल. निवेदन कोकणीत असतं तर मी इतका आग्रह धरला नसता.

सिंगर, डान्सर, क्रिकेटर हे शब्द आपण दोन्ही लिंगांना बिनदिक्कत वापरतो. लिंग कळतं ते विशेषणातून आणि क्रियापदातून: ‘नवी रॅपर आली’, ‘फोंड्याची रॅपर गाजली’, ‘दोन रॅपर आल्या’. चॉकलेटवरचं रॅपर नपुंसकलिंगी असल्यामुळे तेही आड येत नाही.

अडतं ते विभक्ती लागल्यावर. ‘फोंड्याच्या रॅपरने कडवं म्हटलं’ या वाक्यात ती मुलगी आहे हे कुठेच दिसत नाही, कारण ‘फोंड्याचा’ आणि ‘फोंड्याची’ या दोघांचं सामान्यरूप एकच आणि क्रियापद गेलं कडव्याच्या मागे. बातमी लिहिणाऱ्याचा हात ‘महिला रॅपर’कडे वळतो तो बहुधा इथेच. त्याऐवजी वाक्य फिरवावं: ‘फोंड्याची ही रॅपर दोन कडवी सादर करणार आहे.’ नाहीतर सरळ नाव घालावं.

‘महिला’ हे विशेषण मला खटकतं ते इतिहासामुळेही. त्यातून असं सूचित होतं की रॅप मुळात पुरुषांचं आणि ही अपवाद म्हणून आली. रॅप ज्याचा भाग आहे त्या हिप-हॉपचा जन्म मानला जातो तो 11 ऑगस्ट 1973 चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, 1520 सेजविक अ‍ॅव्हेन्यू इथे. तबकड्या वाजवल्या कूल हर्कने, पण ती पार्टी भरवली होती त्याच्या बहिणीने, सिंडी कॅम्पबेलने, शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून. हाताने लिहिलेल्या निमंत्रणावर मुलींना 25 सेंट आणि मुलांना 50 सेंट असा दर होता. 1979 साली रॅपची पहिली मोठी गाजलेली तबकडी काढली ती सिल्व्हिया रॉबिन्सनने. 1984 मध्ये रॉक्सॅन शांते अवघ्या चौदा वर्षांची असताना तिच्या प्रत्युत्तराच्या रॅपने एकमेकांना उत्तर देणाऱ्या तबकड्यांची मालिकाच सुरू झाली. पुढे ग्रॅमीने स्त्री रॅपरांसाठी एकल सादरीकरणाचा वेगळा पुरस्कार ठेवला, तो फक्त 2003 आणि 2004 अशी दोन वर्षं टिकला. दोन्ही वेळा मिसी एलियटला मिळाला. त्या पुरस्काराबद्दल लिहिताना ‘महिला’ घालावंच लागेल, कारण तिथे तो विभागच तसा होता. तुमच्या महोत्सवात मुलींची वेगळी स्पर्धा असेल तर तिथेही घाला. एरवी नको.

अमेरिकन रॅपर क्वीन लतिफाने स्वतःच्या नावात ‘क्वीन’ घेतलं, ही गोष्ट वेगळी. स्वतः मिरवलेली पदवी जशीच्या तशी छापावी.

‘एमसी’ ही रॅप करणाऱ्यासाठी या क्षेत्रातली जुनी आणि मानाची संज्ञा. अमेरिकेची एमसी लाइट, मुंबईची डी एमसी यांच्या नावातच ती आहे. नावाचा भाग असेल तेव्हा जरूर लिहा. पण मराठीत सुटं ‘एमसी आली’ असं वाक्य मंचावरून म्हणू नका. आपल्या घरांत त्याचा अर्थ पाळी आली असा होतो, शिवाय ते एका हिंदी शिवीचं लघुरूपही आहे. सभागृहात खसखस पिकेल आणि बिचारीचा प्रवेशच बिघडेल.

आता ‘रॅप गायिका’. हा पर्याय सभ्य वाटतो आणि नुकसान सर्वांत जास्त करतो. रॅपच्या गाण्यात सहसा दोन कामं असतात. एक कडव्याचं: बीटवर, म्हणजे मागे वाजणाऱ्या तालाच्या साथीवर, लयीत बोललेले, बहुतेक वेळा स्वतःच लिहिलेले शब्द. कडवं साधारण 16 बारचं, बार चार ठोक्यांचा. मिनिटाला 90 ठोक्यांचा वेग धरला तर एक कडवं जेमतेम 43 सेकंदांत संपतं. दुसरं काम ध्रुवपदाचं, ज्याला ही मंडळी हुक म्हणतात. ते पुष्कळदा सुरात गायलेलं असतं आणि बाईचा आवाज हवा म्हणून वर्षानुवर्षं स्त्रियांकडे तेवढंच सोपवलं गेलं. म्हणून ‘गायिका’ छापलं की वाचणारा धरून चालतो की हिने हुक गायला, शब्द दुसऱ्या कुणाचे. श्रेयाशी पुढे पैसाही जोडलेला असतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात गीतकाराचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला आहे आणि आयपीआरएस ही संस्था गीतकार-संगीतकारांचा वाटा गोळा करते. गाण्याच्या नोंदीत ती गीतकार म्हणून नसेल, नुसती गायिका असेल, तर तो वाटा तिच्यापर्यंत पोचायचा नाही.

म्हणून पत्रिकेत ‘शब्द आणि रॅप’ यापुढे तिचं नाव, ‘ध्रुवपद’ यापुढे गाणाऱ्याचं आणि ‘बीट’ यापुढे बीट बनवणाऱ्याचं, अशा वेगळ्या ओळी द्या. तिघांचं काम एकटीनेच केलं असेल तर तिन्ही ओळींत तिचंच नाव येऊ द्या, जागा वाचवायला ‘गायिका’ करू नका. कोकणीतून रॅप करणार असेल तर ‘कोकणी रॅप’ असं लिहा.

निवेदनात विद्यार्थिनीसाठी ‘येत आहे’ चालेल. पाहुणी रॅपर असेल तर आदरार्थी ‘येत आहेत’ म्हणाल. या दोन्ही रूपांत पुन्हा लिंग लपतं. पण तेव्हा नाव घेतलेलंच असतं, त्यामुळे काळजी नको.