वाचकांचे प्रश्न: कुत्रा कड्याखाली आणि आपण दोरावर

पावसाळा संपून कातळ कोरडा झाला की क्लाइंबिंगवाल्यांची पत्रं यायला लागतात. यावेळी आलेल्यातली बरीचशी एकाच गोष्टीवर होती, कुत्र्याला क्लाइंबिंगला बरोबर न्यायचं की नाही आणि नेलं तर कसं, म्हणून हा महिना त्यालाच देऊन टाकलाय. मी स्वतः बरीच वर्षं सह्याद्रीत चढतेय आणि आमच्या घरात कुत्रं नाही असा काळच आठवत नाही, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार माहितीये.

प्रश्न: ताई, आम्ही चौघं मित्र पुण्याहून दर रविवारी लोणावळ्याकडे क्लाइंबिंगला जातो. माझा शेरू तीन वर्षांचा आहे, गावठी, वजन वीस किलो, एकदम धडधाकट. आठवडाभर बिचारा फ्लॅटमध्ये असतो आणि रविवारी मी सॅक भरायला घेतली की दारात आडवा पडतो. यावेळी त्याला न्यायचंच ठरवलंय. काय काय तयारी करू?

उत्तर: तयारीचं सांगतेच, पण आधी मला हे सांग की चौघांपैकी शेरूजवळ कोण थांबणार? एक वर चढतोय, एक बिले देतोय म्हणजे खालून त्याचा दोर सांभाळतोय, उरलेल्या दोघांनी पलीकडे दुसरा रूट, म्हणजे चढायची वाट, लावला की झालं, शेरूच्या वाट्याला एक झाड आणि पट्टा. बहुतेक ग्रुपमध्ये असंच होतं. कोणाच्या मनात वाईट नसतं, पण 'आहेत ना सगळे' म्हणता म्हणता त्याच्याकडे बघणारं कोणीच उरत नाही. म्हणून सकाळी निघतानाच पाळ्या लावा आणि ज्याची पाळी असेल त्याने तेवढ्या वेळात दोराला हात लावायचा नाही. असा माणूस मिळत नसेल तर त्या रविवारी शेरू घरीच बरा, पहाटे तासभर टेकडीवर पळवून आण, दिवसभर झोपेल तो.

हे मी इतकं ठासून सांगतेय ते माझ्या भुरीमुळे. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही तिला घेऊन गेलो होतो आणि कड्याच्या अगदी पायथ्याशी, करवंदीच्या जाळीला बांधलं होतं, का तर तिथे सावली होती. वर लीड करणाऱ्याच्या, म्हणजे सगळ्यात आधी दोर घेऊन चढणाऱ्याच्या, पायाखालून नारळाएवढा दगड सुटला. तो ओरडला "दगड!", आम्ही सगळे शिकवल्याप्रमाणे भिंतीला चिकटलो, हेल्मेट होतीच. भुरीला काय कळणार 'दगड' म्हणजे काय, ती आवाज आला तिकडे वर बघत उभी राहिली, आणि बांधलेली होती त्यामुळे पळायचं म्हटलं तरी पळता आलं नसतं. दगड तिच्यापासून हातभर अंतरावर पडला. तिला काही झालं नाही, पण मी त्या दिवशी परत दोराला हात लावू शकले नाही. तिथे सावली बघून मीच बांधलं होतं तिला.

आपला बेसॉल्ट असा आहे की थराथरात सुटलेले दगड असतात, पावसाळ्यानंतर तर जास्तच, आणि रूट कितीही जुना असला तरी वरून काहीतरी येणारच हे धरून चालायचं. त्यामुळे कुत्र्याची जागा रूटच्या खाली कधीच नाही. बाजूला, भिंतीपासून लांब, पंधरा-वीस मीटर तरी, आणि दुसरं कोणी चढत असेल त्याच्याही खाली नाही. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगड-मातीच्या उतारावर, बांधू नको, त्याच्या उड्यांनी खालचे दगड सुटतात आणि त्या वाटेने खालून माणसं येत असतात.

आता गाठ. आग्या मोहोळ तुला माहितीच असेल, आपल्याकडच्या कड्यांवर ती काळी मोठी पोळी लटकलेली असतात. धूर, परफ्यूम, वरून पडलेला दगड, कशानेही माश्या उठतात, आणि उठल्या की लांबपर्यंत पाठलाग करतात. माणूस पळतो. बांधलेलं कुत्रं जागीच राहतं, आणि त्याचं पुढे काय होतं ते इथे लिहवत नाही. म्हणून गाठ एका ओढीत सुटणारीच मारायची, आणि ती सोडणं हे त्या पाळीवाल्याचं काम, पळतानाच एक ओढ आणि कुत्र्यासकट निघायचं. जिथे पोळं दिसतंय तिथे मात्र कुत्राच काय, आपणही थांबायचं नाही, दुसरा कडा बघायचा.

उन्हाचं लोकांना वाटतं की डिसेंबर आहे, काय होतंय. काळा कातळ अकरा वाजता पण तापलेला असतो. हाताची मागची बाजू दगडावर पाच-सात सेकंद ठेवून बघ, तुला सहन होत नसेल तर त्याच्या पंजांना पण होत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः धापा टाकूनच, आणि तो घाबरलेला असेल, तुला वर लटकलेला बघून भुंकत असेल, तर आधीच धापा टाकत असतो. वीस किलोच्या कुत्र्याला घरी बसूनच दिवसाला लिटर-सव्वालिटर पाणी लागतं, म्हणून डोंगरात त्याच्या नावाचं दोन-अडीच लिटर वेगळं घ्यायचं, आपल्या बाटलीतलं उरेल ते नाही. कुत्र्याचं नॉर्मल तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस असतं, ४१ च्या वर गेलं की जिवावर येतं. धाप थांबत नाहीये, लाळ चिकट झालीये, हिरड्या लालभडक दिसतायत, चालताना झोकांड्या जातायत, असं काही दिसलं की क्लाइंबिंग तिथेच बंद. सावलीत न्यायचं, अंगावर साधं पाणी ओतत राहायचं, पोटाला, मांड्यांना, आणि टोपीने वारा घालायचा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नको, आत उष्णता कोंडते. आधी थंड करायचं आणि मग गाडीत घालून डॉक्टरकडे, उलट नाही. पग, बुलडॉग असल्या चपट्या नाकाच्यांना तर मी न्याच म्हणत नाही, त्यांना श्वासाचाच त्रास असतो.

दोराचं पटकन सांगते. दोर जमिनीवर असेल तर कुत्र्याला त्यावर चालू देऊ नका, पंज्याची माती दोरात जाते आणि आतून तंतू घासत राहते, वरून काही दिसत नाही. स्लिंग (दोराला जोडायची पट्ट्याची कडी) किंवा हार्नेसचा (आपल्या कमरेला-मांड्यांना बांधायच्या साजाचा) पट्टा चावलेला दिसला तर तो सरळ कापून टाकून द्या, 'थोडंच चावलंय' म्हणून वापरू नका. बिलेअरच्या हार्नेसला कुत्रा अडकवायचा नाही हे सांगायची गरज नसावी पण मी हे डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगतेय. आणि तुमच्या ड्रायफ्रूटच्या डब्यातले मनुके त्याला अजिबात देऊ नका, द्राक्षं आणि मनुक्यांनी कुत्र्याच्या किडन्या जातात. चॉकलेट पण नाही.

भेगांमध्ये नाक घालायची सवय असेल तर पट्टा आखूडच ठेव. फुरसं आणि घोणस आपल्याकडे दगडात, गवतात असतातच, आणि कुत्र्याला दंश होतो तो बहुतेक नाकावर नाहीतर पुढच्या पायावर. माणसांना देतात तेच प्रतिविष कुत्र्यालाही चालतं, पण सगळ्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नसतं, म्हणून जायच्या आधी लोणावळ्यात फोन करून विचारून ठेव की कोणाकडे आहे आणि रविवारी कोण उघडं असतं. चिरा देणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको, त्याला चालवू नका, उचलून आणा. परत आल्यावर गोचीड बघ, कानाच्या आत, बोटांच्या मध्ये, शेपटीखाली.

प्रश्न: आम्ही बोरिवलीला राहतो. कान्हेरीला क्लाइंबिंगला जाताना लॅब्रेडॉरला नेलं तर चालेल का? पट्टा असेलच.

उत्तर: नाही चालणार. ते राष्ट्रीय उद्यान आहे, पाळीव प्राणी आत नेता येत नाहीत, पट्टा असो नसो. आणि हा नियम मला मनापासून पटतो. कुत्र्याच्या अंगावरचे रोग जंगलातल्या प्राण्यांना लागतात. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून जास्त सिंह दगावले तेव्हा कितीतरी सिंहांमध्ये कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता, जो एरवी कुत्र्यांमध्ये असतो. तुमच्या कुत्र्याचं लसीकरण पूर्ण असेल, पण गेटवरच्या माणसाने ते कसं ओळखायचं?

प्रश्न: गेल्या जानेवारीत आम्ही नाशिकहून अलंग-मदन-कुलंग हा तीन किल्ल्यांचा ट्रेक केला. आंबेवाडीतून एक तांबडा कुत्रा मागे लागला, आम्ही बिस्किटं देत गेलो, तो अलंगच्या कातळटप्प्यापर्यंत आला. आम्ही दोर लावून वर गेलो आणि तो खाली रडत बसला. रात्री बराच वेळ आवाज येत होता, मग थांबला. सकाळी उतरलो तर दिसला नाही. गावातही कोणाला नक्की सांगता आलं नाही. अजून डोक्यातून जात नाहीये. आमचं चुकलं का?

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तो रात्री कंटाळून घरी गेला असण्याची शक्यता चांगली आहे, या कुत्र्यांना वाटा आपल्यापेक्षा जास्त पाठ असतात आणि गावात एकाच दारात ती राहत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दिसला नाही म्हणजे गेलाच असं नाही. पण चुकलं का म्हणाल तर हो, बिस्किटाला चुकलं. तो आपणहून आला हे खरं, पण दर टेकाडावर बिस्किट मिळत होतं म्हणून तो मागे फिरला नाही.

तुमच्यासाठी नाही, पुढच्यांसाठी लिहितेय, कारण हे दर वीकेंडला कुठल्या ना कुठल्या किल्ल्यावर होतं. त्याच डोंगररांगेच्या पलीकडे, अकोले खोऱ्यात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास झालाय, त्यात वजनाच्या हिशोबाने ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. म्हणजे शेळ्या-मेंढ्यांपेक्षा जास्त. एकटं कुत्रं, रात्र, आणि त्यात ते ओरडत बसलेलं, याचा अर्थ त्या भागात काय होतो ते गावकऱ्यांना विचारा, ते अंधार पडला की कुत्री घराजवळ घेतात.

मग करायचं काय? वाडीतच, निघायच्या आधी. ज्यांच्याकडे चहा-नाश्ता केला त्यांना सांगायचं, दादा, याला तासभर बांधून ठेवा, आम्ही पुढे जातो. आनंदाने ठेवतात. वाटेत लागला तर खायला द्यायचं नाही, हाक मारायची नाही, फोटोसाठी थांबवायचं नाही. मन घट्ट करावं लागतं, मला माहितीये, मलाही जड जातं.

आणि कधी कधी उलटं होतं, कुत्रं सोप्या कातळावरून चढून जातं आणि उतरता येत नाही, कारण वर जाताना नखं रुततात, उतरताना काहीच धरायला नसतं. अशा वेळी गळ्यातल्या पट्ट्याला दोर लावून कधीही सोडू नका, फास बसतो. मोठी सॅक रिकामी करायची, कुत्रं आत, डोकं बाहेर, दोऱ्या आवळून, आणि ज्याच्या पाठीवर सॅक आहे त्याला वरून बिले. सॅक पाठीला, कुत्रं मांजरीएवढं असेल तर पोटाशी. घाबरलेलं कुत्रं चावतं, ओळखीचं असलं तरी. चावलं तर पंधरा मिनिटं साबण आणि वाहतं पाणी, आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची, 'गावचंच आहे, काही होत नाही' असं म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही.

प्रश्न: मी मूळची कोल्हापूरची, आता इंग्लंडमध्ये शेफील्डला असते. इथे स्टॅनेजच्या कड्यावर सगळेच कुत्री आणतात. आमचा बीगल सोडला तर चालतो का?

उत्तर: तिथे आपल्यापेक्षा नियम स्पष्ट आहेत. त्या मोकळ्या माळरानावर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोन मीटरच्या आतल्या पट्ट्यावरच हवा, कारण तेव्हा जमिनीवर घरटी करणारे पक्षी बसलेले असतात, आणि मेंढ्या जवळ असतील तर बाराही महिने पट्टा. मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्याला शेतकऱ्याने गोळी घातली तर ठरावीक परिस्थितीत कायदा त्याच्या बाजूने असतो, आणि बीगल वासावर गेला की हाक ऐकत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. स्टॅनेजवर रिंग आउझेल नावाचा पक्षी, छातीवर पांढरी चंद्रकोर असलेला, कड्यातच घरटं करतो आणि त्या काळात काही रूट बंद ठेवायला सांगतात, तिथल्या पाट्या बघत जा. बाकी पायथ्याशी दुसऱ्याचा दोर, दुसऱ्याचा डबा, यापासून लांब. कोल्हापूरकरांच्या कुत्र्याला डब्याचा वास लगेच येणार.

प्रश्न: ताई, मी तेवीस वर्षांची आहे, मुंब्र्याला आणि बेलापूरला चढते. माझा पार्टनर त्याची कुत्री आणतो. ती खूप गोड आहे, माझी पण लाडकी आहे. पण मागच्या वेळी मी लीडवर होते, दुसऱ्या बोल्टच्या (कातळात ठोकलेल्या हुकाच्या) वर, दोर क्लिप करताना स्लॅक, म्हणजे ढील, मागितला तर मिळेना, खाली बघितलं तर तो एका हाताने तिचा पट्टा सोडवत होता. मी काही बोलले नाही कारण तो सिनियर आहे आणि त्याला वाईट वाटेल. बोल्डरिंगला, म्हणजे दोराशिवाय छोट्या कातळांवर चढतो तेव्हा, तर ती सरळ क्रॅश पॅडवर, खाली पडायच्या गादीवर, येऊन बसते. कसं सांगू?

उत्तर: सांग, आणि पुढच्या वेळी हार्नेस घालायच्या आधी सांग, वर गेल्यावर नाही. दुसऱ्या बोल्टच्या वर असताना पडलीस तर जमीन फार लांब नसते, तुला हे कळलंय म्हणूनच तू पत्र लिहिलंस. तो किती वर्षं चढतोय याचा इथे काही संबंध नाही, ब्रेकवरचा, म्हणजे दोर अडवून धरणारा, हात एका क्षणासाठीही सुटायला नको हे पहिल्या दिवशी शिकवतात आणि त्यालाही कोणीतरी शिकवलं असणार.

त्याच्या कुत्रीबद्दल तक्रार आहे असं बोलू नको, तशी ती नाहीच. सरळ म्हण, "तू मला बिले देत असताना ती दुसऱ्या कोणाकडे असेल तरच मी चढेन." एवढंच. तिसरं कोणी नसेल तर त्या दिवशी लीड नाही, तुम्ही दोघं तिला घेऊन फिरून या. बोल्डरिंगला तर दुप्पट काळजी, तू तीन मीटरवरून पडलीस आणि ती पॅडवर असली तर तिची पाठ मोडेल आणि तुझा घोटा. स्पॉटिंग करणाऱ्याचे, म्हणजे खाली उभं राहून पडणाऱ्याला सावरणाऱ्याचे, दोन्ही हात तुझ्यासाठी हवेत. पॅडपासून लांब तिला तिची स्वतःची चटई टाका, घरची, तिच्या वासाची. दोन-तीन खेपांमध्ये कळतं त्यांना की ही आपली जागा.

तो चिडला तर चिडू दे. नाही ऐकलं तर त्याच्या दोरावर जाऊ नको, बेलापूरला रविवारी चढणारे भरपूर असतात, कोणीतरी बिलेअर मिळेल. आणि काय झालं ते मला कळव, मी वाट बघतेय.