वाचक विचारतात: सरकार ‘आपलं’ असलं की फोन ऐकलेला चालतो का?

प्रश्न: ताई, मी देवगडजवळच्या गावातली. सासरे जुने काँग्रेसवाले आणि दीर भाजपचं काम करतात, दोघं एकाच पडवीत बसतात त्यामुळे रोजचंच असतं. २०१० साली बड्या नेत्यांचे फोन ऐकले जातात अशी बातमी आली तेव्हा दीर म्हणत होते की ही आणीबाणीच झाली, आणि सासरे म्हणायचे, “ज्येका लपवूचा काय नाय तेका भिती कसली?” मग २०२१ मध्ये फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या पेगॅसस सॉफ्टवेअरचं आलं. तेव्हा मी भाकऱ्या करत होते आणि पडवीतनं तेच वाक्य ऐकू आलं, ज्येका लपवूचा काय नाय, फक्त आवाज दिरांचा होता आणि आणीबाणी आली म्हणून ओरडत होते सासरे. दोघांनाही आठवत नव्हतं की हे आपण उलट बोललोय. माझा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे, तो विचारतो आई यातलं खरं कोण बोलतं. काय सांगू?

उत्तर: तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मला वाटतं दोघंही खोटं बोलत नव्हते, त्या त्या वेळी त्यांना मनापासून तसंच वाटत होतं, आणि काळजी वाटते ती यामुळेच, कारण खोटं बोलणाऱ्याला निदान पकडता तरी येतं.

आधी तुमच्या पडवीतल्या त्या दोन वेळा बघू. एप्रिल २०१० मध्ये एका इंग्रजी साप्ताहिकाने बातमी दिली की एनटीआरओ या तांत्रिक गुप्तचर संस्थेने शरद पवार, दिग्विजय सिंह, नितीश कुमार, प्रकाश करात यांचे फोन ऐकले. तेव्हा केंद्रात काँग्रेसची यूपीए होती, भाजपने संसद रोखली आणि जेपीसी, म्हणजे संयुक्त संसदीय समिती मागितली, आणि गृहमंत्री चिदंबरम म्हणाले असं काही झालेलं नाही. जुलै २०२१ मध्ये ज्यांच्यावर पेगॅसस वापरल्याचा संशय होता त्यांच्या फोन नंबरांची यादी बाहेर आली तेव्हा भाजपची एनडीए होती, मग काँग्रेसने संसद रोखली, काँग्रेसने जेपीसी मागितली आणि मंत्री म्हणाले असं काही झालेलं नाही. पुढे सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२१ मध्ये न्या. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली समिती नेमली, तिने २९ फोन तपासले, ५ मध्ये कुठलातरी मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर सापडला पण तो पेगॅससच होता असं ठामपणे सांगता आलं नाही, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये कोर्टात हेही वाचून दाखवलं गेलं की सरकारने समितीला सहकार्य केलं नाही. या शेवटच्या गोष्टीचा राग खरं तर तुमच्या दिरांनाही यायला हवा होता. २०१० मध्ये त्यांना आलाच असता.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत बुश यांच्या काळात एनएसए ही गुप्तचर संस्था कोर्टाला न विचारता लोकांचे फोन आणि ईमेल ऐकते हे डिसेंबर २००५ मध्ये बाहेर आलं. लगेच जानेवारी २००६ मध्ये लोकांना विचारलं तर बुश यांच्या रिपब्लिकन पक्षाच्या ७५ टक्के लोकांना ते चालत होतं, डेमोक्रॅट मात्र फक्त ३७ टक्के हो म्हणाले. मग जून २०१३ मध्ये एनएसएसाठी काम केलेल्या स्नोडेनने तिचे गुप्त कागद बाहेर काढले, तेव्हा अध्यक्ष होते ओबामा. प्यू रिसर्च आणि वॉशिंग्टन पोस्टने पुन्हा विचारलं, तर आता डेमोक्रॅट ६४ टक्के हो म्हणाले आणि रिपब्लिकन ५२ टक्क्यांवर घसरले. दोन्ही वेळचे प्रश्न शब्दाला शब्द सारखे नव्हते, पहिल्यात संशयितांचे कॉल ऐकण्याबद्दल होतं आणि दुसऱ्यात लाखो लोकांच्या कॉलची नोंद ठेवण्याबद्दल, हे लक्षात ठेवायला हवं. तरी दुसरी गोष्ट जास्त लोकांवरची आणि तीच डेमोक्रॅटांना जास्त चालली. सात वर्षांत एनएसए तीच होती, त्यातली बरीचशी कामं बुश यांच्याच काळात सुरू झालेली, वर बसलेला माणूस तेवढा बदलला. आणि स्वतः ओबामांनी सिनेटर असताना आधी विरोध करणार म्हणून सांगितलं होतं, पण जुलै २००८ मध्ये त्याच ऐकण्याला कायद्यात बसवणाऱ्या दुरुस्तीला मत दिलं.

आपल्याकडे तर अशी उदाहरणं खूपच आहेत. १९८८ मध्ये फोन टॅपिंगच्या आरोपावरून कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना राजीनामा द्यावा लागला, ते काँग्रेसविरोधी गोटातले. १९९१ मध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणाचे दोन पोलीस पाळत ठेवताना सापडले म्हणून काँग्रेसने चंद्रशेखर सरकारचा पाठिंबा काढायची भाषा केली आणि चंद्रशेखर यांनी राजीनामाच दिला. विचार करा, दोन पोलिसांवरून सरकार गेलं! आणि आधारचं बघा. पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं, यूपीएने. तेव्हा भाजपला त्यात धोका दिसत होता. २०१६ मध्ये भाजपने त्याचाच कायदा मनी बिल म्हणून (ज्याला राज्यसभेची मंजुरी लागत नाही) केला, तेव्हा धोका काँग्रेसला दिसायला लागला आणि जयराम रमेश कोर्टात गेले. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने १० एजन्सींना कुठल्याही कॉम्प्युटरमधली माहिती बघायचा अधिकार देणारा आदेश काढला, राहुल गांधी म्हणाले हे पोलीस स्टेट आहे, आणि जेटलींनी उत्तर दिलं की हे नियम तर २००९ चे, तुमच्याच सरकारने केलेले. जेटलींचं म्हणणं खरंच होतं. पण मला ते उत्तर म्हणून पुरत नाही, कारण २००९ चा नियम वाईट असेल तर तो चालू ठेवणाऱ्यानेही त्याचा जाब द्यायला हवा ना?

महाराष्ट्रातही २०२२ च्या सुरुवातीला नेत्यांचे फोन बेकायदा ऐकल्याचे गुन्हे आघाडी सरकार असताना दाखल झाले, जूनमध्ये सरकार बदललं, मग एका प्रकरणात खटल्याला परवानगी नाकारली गेली आणि दुसऱ्यात पोलिसांनीच तपास बंद करायचा अहवाल दिला, आणि २०२३ मध्ये हायकोर्टात दोन्ही संपले. त्यात नेमकं दोषी कोण होतं की कोणीच नव्हतं हे मी इथे बसून ठरवू शकत नाही. पण सरकार बदललं की तपासाची दिशा बदलते हे ज्याला दिसतं त्याने पुढच्या वेळी आपल्या पक्षाचं सरकार असताना तरी गप्प बसू नये.

मी हे वरून बोलत नाहीये. २६ नोव्हेंबर २००८ ला माझा मामेभाऊ कोकणकन्या पकडायला सीएसटीला निघाला होता, दादरलाच अडकला म्हणून वाचला, पहाटेपर्यंत त्याचा फोन लागत नव्हता. त्यानंतर कितीतरी महिने मी म्हणत होते की सगळ्यांचे फोन ऐका, माझाही ऐका, काय वाटेल ते करा. ती भीती खरी होती आणि ज्याला आज तसं वाटतं त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. फक्त नंतर मी एक गोष्ट शोधायला लागले की ऐकायचं ठरवतं कोण, आणि तिथून माझं मत बदललं.

तर हे मुलाला सांगा. आपल्या देशात तुमचा फोन ऐकायला कोर्टाची परवानगी लागत नाही. १८८५ च्या तार कायद्यापासून हे असंच आहे. १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की फोनवरचं बोलणं हा माणसाच्या खाजगी आयुष्याचा भाग आहे, पण आधी न्यायाधीशाची मंजुरी हवी ही मागणी कोर्टाने मान्य केली नाही. आदेश गृहसचिव देतात, केंद्राचे किंवा राज्याचे. तो ६० दिवस चालतो, वाढवत वाढवत १८० दिवसांपर्यंत. मग तो बरोबर होता का हे बघायला समिती असते, तिच्यात कोण? केंद्रात कॅबिनेट सचिव आणि आणखी दोन सचिव, राज्यात मुख्य सचिव आणि दोन सचिव. म्हणजे सरकारच ऐकणार आणि बरोबर ऐकलं की नाही हेही सरकारच सांगणार. २०१३ मध्ये माहिती अधिकारात कळलं होतं की एकटं केंद्र महिन्याला ७,५०० ते ९,००० असे आदेश काढतं. एक सचिव दिवसाला अडीचशे-तीनशे आदेश काय वाचून सही करणार? २०२३ चा नवा टेलिकॉम कायदा आला, २०२४ मध्ये नवे नियम आले, पण न्यायाधीश त्यातही नाही.

आणि कोर्टापर्यंत गोष्ट गेली तर काय होतं त्याचंही उदाहरण सांगा. २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाने लाचेच्या एका प्रकरणातले फोन ऐकायचे तीन आदेश रद्द केले, कारण कायद्यात लिहिलंय तशी सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न त्यात नव्हता, आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. तो माणूस कोर्टात जाऊ शकला कारण खटला झाला आणि त्याला कळलं. ज्याच्यावर खटलाच होत नाही त्याला कधी कळतच नाही की आपलं ऐकलं होतं.

पडवीत मात्र पक्षाचं नाव काढू नका. दोघांना एकच विचारा, की हा सहीचा अधिकार उद्या तुम्हाला सगळ्यात नको असलेल्या माणसाच्या हातात गेला तर चालेल का. सासऱ्यांना एक नाव डोळ्यासमोर आणू दे, दिरांना दुसरं. मग काय म्हणतात ते मला जरूर कळवा.

प्रश्न: आम्ही हर्णैकडचे पारंपरिक मच्छीमार. एलईडीवाले (दिवे लावून मासे ओढणारे) आणि पर्ससीनवाले (मोठ्या जाळ्याने थवाच घेरणारे) मासळी ओरबाडून नेतात म्हणून वर्षानुवर्षं ओरडलो, गस्तीनौका कमी पडतात सांगितलं, आता जानेवारी २०२५ पासून सरकारने ड्रोन लावले तर आम्ही खूष. पण माझा पोरगा म्हणतो बाबा, फोन ऐकला तर तुम्ही चिडता आणि ड्रोन दुसऱ्याच्या बोटीवर फिरला तर टाळ्या वाजवता, हे दुटप्पी आहे. आहे का?

उत्तर: पोराने चांगला प्रश्न विचारलाय, पण मला दोन्ही एकसारखं वाटत नाही. समुद्र उघडा आहे, कुठली जाळी कुठे चालते याचे नियम सगळ्यांना आधीपासून माहीत आहेत, ड्रोन आहेत हे सरकारने जाहीर सांगितलंय, आणि पकडलेल्या बोटवाल्याला नोटीस येते, त्याला भांडता येतं. चोरून ऐकलेल्या फोनात यातलं काहीच नसतं. २६/११ नंतर तुमच्यावरही कमी नजर नाही, बायोमेट्रिक कार्ड, बोटींना रंग, जाताना-येताना टोकन, ते तुम्ही तांडेलापासून खलाशापर्यंत सगळ्यांनी निमूट केलंत. आणि त्या रात्री कुलाब्याच्या किनाऱ्यावर उतरलेल्या पोरांना पहिलं हटकलं ते मच्छीमार वस्तीतल्याच लोकांनी, हे मला विसरता येत नाही.

तरी पोराचा मुद्दा सोडू नका. ड्रोनचं फुटेज किती दिवस ठेवतात, कोण बघतं, ते मासेमारी सोडून दुसऱ्या कशाला वापरतात का, तुमच्या वाडीवरून जाताना कॅमेरा चालू असतो का, हे सोसायटीने मत्स्यव्यवसाय खात्याला लेखी विचारावं, आणि आत्ताच विचारावं, ड्रोन तुमच्या बाजूने आहे तेव्हा. उद्या जेटीवर तुमचंच आंदोलन असेल आणि ड्रोन डोक्यावर असेल तेव्हा विचारलंत तर कोणी ऐकणार नाही. १९९३ मध्ये श्रीवर्धनच्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं तेव्हा किनाऱ्यावर नजर ठेवायला कस्टम होतं, पोलीस होते, आणि पुढे कोर्टाने त्यातल्याच काहींना पैसे घेतल्याबद्दल शिक्षा केली. त्यामुळे नजर ठेवणाऱ्यावर नजर कोणाची हे विचारण्यात देशद्रोह वगैरे काही नाही, आपल्या किनाऱ्याने तर ते सगळ्यात आधी विचारायला हवं.

प्रश्न: पोस्टातलं पत्र फोडायचा सरकारला अधिकार आहे का? वेंगुर्ल्याची आजी विचारते, मी तिच्यासाठी लिहिते.

उत्तर: आहे, आजींना सांगा. आणि याची गोष्ट आजींना आठवत असेल. १९८६ मध्ये राजीव गांधी सरकारने टपाल तपासायचा अधिकार वाढवणारं बिल दोन्ही सभागृहांत मंजूर करून घेतलं, देशभर आरडाओरडा झाला, आणि राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये नवा पोस्ट ऑफिस कायदा मंजूर झाला, त्याच्या ९ व्या कलमात सरकारी अधिकाऱ्याला टपाल अडवायचा, उघडायचा अधिकार आहे, तो जून २०२४ पासून लागूही झाला. लोकसभेत तो मंजूर झाला त्याच आठवड्यात विरोधी खासदारांचे घाऊक निलंबन चालू होतं, त्यामुळे धड चर्चाही झाली नाही. १९८६ साली ज्यांनी रस्त्यावर येऊन विरोध केला त्यातल्या कितीजणांना हे कळलं देखील नसेल.

मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर आपल्या कितीतरी घरांनी दिवस काढलेत, आणि मागचा मजकूर पोस्टमन आजीसमोर बसून वाचून दाखवायचा, घरातलं सगळं त्याला माहीत असायचं. पण तो तिच्या समोर वाचायचा, तिने सांगितलं म्हणून वाचायचा.