रिप्लाय 1988 या कोरियन सिरीजमध्ये लव्हस्टोरी नक्की कधी सुरू होते? सुरुवातीचे एपिसोड स्किप केले तर चालेल का?

नाही चालणार. म्हणजे रिमोट तुमचा, वाय-फाय तुमचं, मी कोण अडवणारी, पण पहिलाच एपिसोड उडवायचा असेल तर मग सिरीज तरी कशाला बघताय, यूट्यूबवर शेवटच्या क्लिपा बघा आणि झोपा.

तुम्ही लिहिलंय की दोन एपिसोड झाले तरी हीरो कोण ते कळेना, नुसते आईबाप, शेजारी आणि या घरातून त्या घरात जाणारी जेवणाची भांडी. अहो तीच लव्हस्टोरी आहे. सोलमधल्या सांगमुन-दोंग भागातली एक गल्ली, पाच घरं, पाच पोरं, आणि त्यातल्या मोठ्या माणसांना तर वेगळी नावंसुद्धा दिली नाहीयेत, बहुतेकांची कलाकारांचीच नावं वापरलीत. नायिका डोकसन, तिचा बाप संग दोंग-इल, हे त्या नटाचंच नाव. बँकेत नोकरी, पण मित्राच्या कर्जाला जामीन राहिला म्हणून सगळं कुटुंब दुसऱ्याच्या घराखाली अर्ध्या तळघरात राहतंय.

आता पहिल्या एपिसोडकडे येते, कारण माझी दुखरी नस तिथेच आहे. डोकसन मधली. मोठी बोरा हुशार, सोल युनिव्हर्सिटीत. धाकटा नोउल, मुलगा. डोकसनचा वाढदिवस बोराच्या वाढदिवसानंतर काही दिवसांनी येतो, म्हणून दरवर्षी एकच केक, बोरासाठी फुंकलेल्या मेणबत्त्या परत पेटवायच्या की झाला हिचा वाढदिवस. एका वर्षी ती फुटते. अंडी त्या दोघांना, कोंबडीची तंगडी त्या दोघांना, मला पंख, आणि तिचं नाव बोरा तर माझंच डोकसन का, असं सगळं रडत रडत बाहेर येतं. आई-बाप गप्प. त्यांच्या लक्षातच आलेलं नसतं.

माझा वाढदिवस सप्टेंबरच्या शेवटी, म्हणजे बहुतेक वर्षी पितृपक्षात. आमच्या आजीच्या राज्यात पितृपक्षात नवा कपडा नाही, औक्षण नाही, केकचं तर नावच काढायचं नाही. दादाचा त्याच महिन्याच्या सुरुवातीला, गणपतीच्या आगेमागे, घर पाहुण्यांनी भरलेलं, त्यामुळे 'दोघांचं एकदमच करून टाकू' हे ठरलेलं. केक मामा आणायचा. त्यावर गुलाबी क्रीमने दादाचं नाव झोकात, आडनावासकट, आणि मग जागा उरायची नाही म्हणून माझं नाव कडेकडेने वळत खाली उतरायचं. मी सातवीत असताना तर शेवटचं 'ली' केकवर मावलंच नाही, पुठ्ठ्यावर आलं. मी ते बोटाने चाटलं तर दादा म्हणाला हा बघ हिच्या वाट्याचा केक, आणि सगळे हसले. बाबाही हसले. हे आमच्या घरात अजून 'गंमत' म्हणून सांगितलं जातं, दर गणपतीत, नव्या पाहुण्यांना.

तर मागच्या गणपतीत सगळे जमले होते तेव्हा मी टीव्हीला लॅपटॉप जोडून हाच एपिसोड लावला. मुद्दाम. सबटायटल इंग्रजीत, म्हणून आईबाबांसाठी मीच मोठमोठ्याने मराठीत सांगत होते. शेवटी तो बाप रात्री गल्लीत डोकसनची वाट बघत थांबतो, छोटासा वेगळा केक घेऊन, आणि तिची माफी मागतो. मोठीला कसं वागवायचं, मधलीला कसं, धाकट्याला कसं, हे मला येत नव्हतं, बापपणाची माझीही पहिलीच वेळ आहे, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. हे सांगताना माझा आवाज जरा गेला. आई डोळे पुसतेय, वहिनी पुसतेय. बाबा पतसंस्थेतून रिटायर झालेत. ते म्हणाले, "बँकेतला माणूस जामीन राहिलाच कसा? आणि सही करताना बायकोला विचारलं होतं का?" आणि पुढची दहा मिनिटं कोणी कोणाला जामीन राहून कसं बुडालं याचे किस्से.

दादाला आयतंच मिळालं. "बघ, बाबांच्या मनातही नाही, तूच इतकी वर्षं घेऊन बसलीयेस. प्रेम काय बोलून दाखवायचं असतं? फी कोणी भरली? होस्टेलला ट्रंक घेऊन एसटीने कोण आलं होतं?" फी भरली हे मान्य आहे हो, कोण नाही म्हणतंय. पण दोंग-इलही फी भरतोच की, तळघरात राहून, पगार कापला जात असताना. तरी तो केक घेऊन उभा राहतो, त्यालाही लाज वाटतच असणार. 'आमच्यात बोलून दाखवत नाहीत' हे जे आपण अभिमानाने सांगतो ना, ती मला सरळसरळ पळवाट वाटते. वहिनी म्हणाली, बरोबर आहे ताईंचं, तर दादा उठून आरतीची तयारी करायला गेला. एरवी कधी करत नाही.

आणि तुमच्या लव्हस्टोरीचं उत्तरही इथेच आहे म्हणून म्हणतेय पहिला एपिसोड बघा. पुढे गल्लीतल्याच जुंगह्वान आणि तेक दोघांनाही डोकसन आवडते. जुंगह्वान बसमध्ये तिला धक्का लागू नये म्हणून हात आडवा धरून उभा राहणारा, सगळं मनात ठेवणारा, आपल्याकडच्या पोरींचा जीव याच्यावरच जडतो. तेक बोलायला मंद, गो नावाच्या पटावरच्या खेळाचा चॅम्पियन, स्वतःच्या बुटाची नाडी बांधता येते की नाही शंका. पण अठराव्या एपिसोडमध्ये कॉन्सर्टला गेलेल्या डोकसनकडे जुंगह्वान गाडी काढून निघतो, सिग्नलला अडकतो, पोचतो तर तेक मॅच सोडून आधीच आलेला. मग जुंगह्वान स्वतःच कबूल करतो की चूक सिग्नलची नव्हती, इतकी वर्षं मीच कचरत राहिलो. लोक अजून भांडतात की त्याच्यावर अन्याय झाला. काही अन्याय नाही, न बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते तिने काय पत्रिकेत बघायचं?

बाकी प्रेमं किती सांगू. वरची घरमालकीण रा मि-रान, लॉटरी लागून श्रीमंत झालेलं घर, खालच्या डोकसनच्या आईला पैसे मागायला जीभ रेटत नाही हे ओळखून कणसांसोबत पैशाचं पाकीट देते, एक शब्द न बोलता. (हो, इथे न बोलणंच शोभतं, पण ती देते तरी ना.) दुसऱ्या एपिसोडमध्ये डोकसनची आजी जाते तर मोठी माणसं पाहुण्यांबरोबर हसतायत, पितायत, पोरांना राग येतो, आणि मग अमेरिकेतून दोंग-इलचा थोरला भाऊ पोचतो तेव्हा सगळी भावंडं जी कोसळतात ते बघा. आणि बोराच्या लग्नात दोंग-इलने घातलेले बूट, लेकीनेच घेतलेले, त्याला मोठे होतात म्हणून आत कागद कोंबलेले. त्याबद्दल जास्त सांगत नाही.

बोराच्या लग्नात अडचण काय, तर तिचं आणि गल्लीतल्याच सनवूचं, म्हणजे नवऱ्याचं, आडनाव एक आणि मूळ घराणंही एक, म्हणजे आपल्या भाषेत सगोत्र. कोरियात हे लग्न कायद्यानेच बंद होतं, अधूनमधून 1978, 1988, 1996 अशी वर्षभराची सवलत द्यायचे, 1997 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने तो नियम घटनेला धरून नाही म्हटलं आणि 2005 मध्ये कायदा बदलला. आपल्याकडे सगोत्र लग्न 1946 पासून कायद्याने वैध आहे, तरी आमच्या मावशीकडे मागच्याच वर्षी एक स्थळ गोत्रावरून परत गेलं.

आता उलट बाजूही सांगते. वीस एपिसोड आहेत आणि एकेक जवळजवळ सिनेमाएवढा. विनोद झाला की बकरी ओरडते, ते शेवटपर्यंत सहन करावं लागतं. बोरा बहिणीला झिंज्या धरून मारते ते गंमत म्हणून दाखवलंय, मला नाही आवडलं. शिवाय नवरा कोण या कोड्यावर नको तितका वेळ घालवलाय, त्यात तुमचं म्हणणं थोडंफार बरोबर आहे. आणि घरच्यांना सोबत बसवून बघा असं मी आधी सगळ्यांना सांगायचे, आता नाही सांगत, ज्याचं त्याने ठरवावं.

तीन एपिसोड बघून नाहीच जमली तर खुशाल सोडा. फक्त डोकसनचा नवरा कोण ते आधी गूगल करू नका, सगळी मजा जाते. वर मी सांगूनच टाकलंय म्हणा, सॉरी.