'डोया' म्हणू की 'डोळा'?

प्रश्न : ताई, नातीला अकरावा महिना लागला. मी तिच्याशी अहिराणीतच बोलते, डोळ्यावर बोट ठेवून 'डोया' म्हणते. सुनेने मोबाइलवर ऐकलं की लहान बाळाच्या मेंदूतल्या जोडण्या मेंदूतल्याच पेशी खाऊन टाकतात. म्हणून तिचं म्हणणं, "पुढे कामाला येईल तेच शिकवा, अहिराणीने जागा अडेल." हे खरं आहे का? मी बोलणं सोडू का? – एक आजी, धुळे जिल्हा

उत्तर : आजी, बोलणं सोडू नका. सुनेने ऐकलं ते खरं आहे, पण त्यातून तिने काढलेला अर्थ उलटा आहे.

माझं माहेर रावेरकडचं, केळीच्या बागेतलं. केळ लागली की बुंध्याशी पिलं फुटतात. वडील विळा घेऊन ती कापत फिरायचे. लहानपणी मला त्या पिलांची फार दया यायची. पण सगळी ठेवली तर घड भरत नाही, हे पुढे डोळ्यांनी पाहिलं. मेंदूचंही तसंच आहे. चेतापेशी एकमेकींना जिथे जोडल्या जातात त्या जागेला सिनॅप्स म्हणतात. बाळाच्या मेंदूत हे सिनॅप्स गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होतात. पीटर हटनलोकर यांनी 1979 मध्ये माणसाच्या मेंदूच्या पुढच्या भागातले सिनॅप्स मोजले. एक-दोन वर्षांच्या मुलात ते मोठ्या माणसाच्या सुमारे दीडपट दाट निघाले.

जास्तीचे सिनॅप्स काढणाऱ्यांत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी आहेत. खरं तर त्या मेंदूच्या राखणदार. जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणं हे त्यांचं काम. पण त्या नुसत्या बसून नसतात. आपल्या बारीक फांद्या सतत हलवत आसपासच्या जोडण्या चाचपत असतात. काढायच्या सिनॅप्सवर सी1क्यू, सी3 अशी प्रथिनं चिकटतात. जंतूंवर खूण करायला शरीर हीच प्रथिनं वापरतं. उलट काही जोडण्यांवर 'मला खाऊ नको' असं सांगणारं सीडी47 हे प्रथिन असतं.

मग काय ठेवायचं हे ठरवतं कोण? बागेत ते वडील ठरवायचे. मेंदूत मात्र ते वापरावर ठरतं, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. डोरोथी शेफर, बेथ स्टीव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये चार-पाच दिवसांच्या उंदरांच्या दोन डोळ्यांकडून येणाऱ्या तंतूंना वेगवेगळे रंग दिले आणि एका डोळ्याचे संदेश औषधाने बंद केले. मायक्रोग्लियांनी त्या गप्प पडलेल्या डोळ्याच्या जोडण्या जास्त खाल्ल्या.

आता भाषेचं बघा. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये कॅनडातल्या इंग्रजी घरांतली बाळं तपासली. सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतले 'त' आणि 'ट' वेगळे ओळखत होती. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना ते जवळजवळ ओळखता येईनात, कारण घरात ते कानावरच पडत नव्हते. हिंदी ऐकणाऱ्या बाळांची ओळख मात्र टिकली. हा बदल मायक्रोग्लियांमुळेच होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण जे कानावर पडतं ते टिकतं एवढं यातून दिसतं. तुमची नात नेमकी याच वयात आहे!

जागा अडण्याची भीती तर मुळीच नको. दोन भाषा ऐकत वाढणारी मुलं जगभर आहेत, आणि दोन भाषांमुळे मेंदू गोंधळतो हा जुना समज आहे. आमच्या घरी आजी 'केयी' म्हणायची, शाळेत बाई 'केळी' म्हणायच्या. मला दोन्ही आले. सुनेने 'डोळा' म्हणावं, तुम्ही 'डोया' म्हणा. टीव्ही लावून ठेवणं म्हणजे बोलणं नव्हे, हे मात्र दोघी लक्षात ठेवा. बाळाला समोर बोलणारा चेहरा लागतो.

एक गोष्ट आजच करून बघा. नात पाठमोरी बसलेली असताना हळूच विचारा, "तुना डोया कोठे शे?" एरवी तुमच्या आवाजाकडे वळणारी नात दोन-तीनदा विचारूनही वळली नाही, तर याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे न्या. आवाज आतच पोचला नाही तर अहिराणीही जाईल आणि मराठीही, आणि लवकर कळलं तर त्यावर इलाज आहे.