करार झाला की वांशिक संघर्ष कायमचा मिटतो का?

नाही. करारानं बंदुका थांबतात, एवढंच. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट समाजांतला संघर्ष थांबवायला 10 एप्रिल 1998 ला गुड फ्रायडे करार झाला, सार्वमतात तिथल्या 71 टक्के मतदारांनी तो मान्यही केला. पण आयआरए या सशस्त्र संघटनेची शस्त्रं निकामी व्हायला 2005 उजाडलं. मला त्यात सगळ्यात मोलाची वाटते ती पोलीस भरती. पोलीस दलात कॅथलिक जेमतेम 8 टक्के होते. 2001 पासून दहा वर्षं भरतीच्या निम्म्या जागा त्यांना दिल्या, तेव्हा ते 30 टक्क्यांच्या घरात गेले. ठाण्यात आपलं माणूसच नसेल तर तक्रार द्यायला कोण जाणार? बेलफास्टमध्ये दोन्हीकडच्या वस्त्या वेगळ्या करणाऱ्या भिंती मात्र अजून उभ्या आहेत.

आपल्या मराठवाड्यातला वाद जातीचा, पण दुखणं ओळखीचं. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव 27 जुलै 1978 चा, नामविस्तार 14 जानेवारी 1994 चा. मधल्या काळात ज्या दलितांची घरं जळाली त्यांना त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांत राहायचं होतं. आता आरक्षणाच्या वादात बीड-जालन्याकडे किराणा कुणाच्या दुकानातून घ्यायचा, हेही काही ठिकाणी जात बघून ठरतंय. सुरुवात तिथूनच करा. तंटामुक्त समितीत सगळ्या वस्त्यांची माणसं, बायासुद्धा, खरोखर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर काही भडक फिरलं की त्याच संध्याकाळी दोन्हीकडच्यांना पारावर बसवा. मारहाण किंवा अत्याचार झाला असेल तर मात्र गुन्हा नोंदवलाच पाहिजे. तिथं समेटासाठी दबाव नको.