अण्णांची विसरवही

अण्णांनी खिशातून लाल कापडी बांधणीची एक छोटी वही काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "मॅडम, काय काय विसरलो ते सगळं हितं लिहिलंय. तारीख-वार घालून."

वही उघडली. मोटारसायकलची किल्ली, दोनदा. लाइटबिल. स्वयंपाकघरात जाऊन 'कशाला आलो' असं झालं, पाच वेळा. आणि एका नोंदीखाली दोन रेघा : 'शेतकऱ्याचं नाव. सुपुत्रासमोर.'

"मला अल्झायमर सुरू झाला का?" हा प्रश्न पन्नाशी ओलांडलेलं कुणी ना कुणी दर आठवड्याला मला विचारतंच. अण्णा ५८ वर्षांचे. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात त्यांची गुळाची अडत. कुणाचे किती रवे आले, कुणाला किती उचल दिली, हे दिवाणजीनं चोपडी उघडायच्या आत सांगणारा माणूस, अशी त्यांची यार्डात ख्याती. पाडव्याच्या सौद्याला वीस वर्षांपासूनच्या ओळखीचा एक शेतकरी समोर उभा राहिला आणि नावच येईना. मुलगा सहज बोलून गेला, "जाऊ दे बाबा, वय झालं." तेव्हापासून वही.

त्या दिवशी माझी एक चूक झाली. धीर द्यायचा म्हणून मीही घाईनं म्हणाले, "अहो, या वयात होतंच." अण्णा गप्प झाले. मग म्हणाले, "माझ्या वडलांनाबी सगळे असंच म्हणालते."

वडील रोज पहाटे गंगावेशीला धारेचं दूध प्यायला जायचे. एका सकाळी परतलेच नाहीत. दुपारी पंचगंगा घाटावर सापडले, घरचा रस्ता विचारत. पुढची सहा वर्षं घरानं काय सोसलं ते अण्णांनी मला दहा मिनिटांत सांगितलं. म्हणजे वहीत किल्ल्या आणि लाइटबिलं होती, पण भीती या घाटाची होती. ती ऐकून न घेता दिलासा दिला तर तो पोचत नाही, हे इतक्या वर्षांनीही मला कधी कधी नव्यानं कळतं.

मग काकूंना वेगळं बसवून विचारलं. तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारतात का? ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का? पैशाचा व्यवहार गडबडतो का? काकू म्हणाल्या, "छे हो. माझ्या भावानं आमच्या लग्नात काय बोललं ते अजून शब्दाशब्दानं काढतात. तेवढं विसरले असते तर बरं झालं असतं."

हे विचारणं महत्त्वाचं असतं. खऱ्या आजारात पुष्कळदा तक्रार घरचे करतात आणि माणूस स्वतः म्हणतो, मला काही झालेलं नाही. उलटं असलं म्हणजे आजार नाहीच, अशी खात्री मात्र देता येत नाही, म्हणून तपासणी करायचीच. 'किल्ली कुठं ठेवली हे विसरलं तर ठीक, किल्ली कशाची हे विसरलं तर आजार' हे वाक्य मोबाइलवर फार फिरतं. मला ते पटत नाही. आजाराच्या सुरुवातीला माणूस किल्ली व्यवस्थित ओळखतो. बघायचं ते हे, की पूर्वी सहज जमणारं रोजचं काम अडायला लागलंय का, आणि ते वाढत चाललंय का.

नावाचं सांगायचं तर नाव ही स्मरणाच्या बाबतीत मुळातच अडचणीची गोष्ट. 'गुऱ्हाळवाला' म्हटलं की धूर, काहील, उसाच्या रसाचा वास, सगळं डोळ्यांसमोर येतं. 'पाटील' म्हटलं की काय येणार? आणि आपल्या जिल्ह्यात तर दगड मारावा तो पाटलाला लागावा! एकसारखी नावं डोक्यात एकमेकांच्या आड येतात. ओठावर आलेलं नाव न सापडण्यावर ब्राउन आणि मॅकनील या संशोधकांनी १९६६ मध्ये प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना अवघड शब्दांचे अर्थ वाचून दाखवायचे आणि शब्द विचारायचा. जे अडकले त्यांना शब्द येत नव्हता, पण पहिलं अक्षर किंवा उच्चारताना त्याचे किती तुकडे पडतात हे पुष्कळदा बरोबर सांगता येत होतं. म्हणजे शब्द पुसला गेलेला नसतो, तो त्या क्षणी हाती लागत नाही. अण्णांना ते नाव त्याच रात्री जेवताना आठवलं होतं. वहीत मात्र ते लिहिलेलं नव्हतं. वही एकाच बाजूची जमा धरत होती.

आणि विसरणं हा स्वभावच आहे आपल्या डोक्याचा. एबिंगहाउस या जर्मन माणसानं १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग छापले. निरर्थक अक्षरसमूह पाठ करायचे आणि काही वेळानं तेच पुन्हा पाठ करायला किती कमी मेहनत लागते ते मोजायचं. तासाभरातच निम्म्याहून जास्त मेहनत वाया, दिवसानंतर साधारण दोन तृतीयांश. पुढं महिनाभरात मात्र घसरण फार थोडी. हे ऐकून अण्णा म्हणाले, "म्हणजे सुरवातीलाच सगळी तूट." व्यापारी माणूस!

नंतर शब्दांची यादी, गोष्ट ऐकून सांगणं, घड्याळाचं चित्र अशा चाचण्या घेतल्या. गुण उत्तम. पण तपासताना एक गोष्ट खटकली. मी समोर बघून बोलले की सगळं बरोबर. कॉम्प्युटरकडे वळून बोलले की अण्णा, "आँ?" पंखा बंद केला की पुन्हा बरोबर.

मी समुपदेशक, डॉक्टर नव्हे. त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि चिठ्ठीत लिहिलं : थायरॉइड, साखर, बी-१२ आणि कानाची तपासणी. बी-१२ कमी निघालं, त्याचे उपचार सुरू झाले. दोन्ही कानांची ऐकण्याची ताकदही कमी निघाली. वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ अशी व्यंजनं निसटतात. त्या पाडव्याला, सौद्याच्या गलक्यात, शेतकऱ्यानं आधी आपण कुणाकडून आलो आणि स्वतःच्या मुलाचं नाव काय ते सांगितलं होतं, असं अण्णांच्या मुलाकडून नंतर कळलं. आठवणीला धागा देणारं ते बोलणं अण्णांच्या कानातच शिरलं नव्हतं. जे आत गेलंच नाही ते आठवणार कुठून?

कानयंत्राला अण्णांचा विरोध वहीपेक्षा मोठा. "गिऱ्हाईक म्हणंल, म्हातारा झाला." मी विचारलं, "आणि तीन वेळा 'काय म्हणालास?' विचारल्यावर काय म्हणत असेल?" तरीही दीड महिना गेला. ऐकू कमी येणं ही स्मृतिभ्रंशाची जोखीम वाढवणाऱ्या, पण हातातल्या गोष्टींपैकी एक मानली जाते, हे सांगितल्यावर मात्र स्वतः जाऊन यंत्र घेऊन आले.

बाकी फार काही केलं नाही. रात्री एकपर्यंत मोबाइल बघणं थांबवलं. झोपेत दिवसाची आठवण पक्की होते, ती झोपच ते मोडत होते. नवीन माणूस भेटला की नाव मोठ्यानं परत म्हणायचं आणि संध्याकाळी चोपडी न उघडता आठवून बघायचं. वाचण्यापेक्षा आठवून बघण्यानं ते जास्त टिकतं. आणि वहीत दुसरा रकाना आखायला सांगितला : नंतर आठवलं का, कधी.

वडिलांचा आजार आपल्यालाही होणारच का, हे त्यांनी तिसऱ्या भेटीत विचारलं. आई-वडिलांपैकी एकाला उतारवयात झाला तर जोखीम थोडी वाढते, ठरून जात नाही. हमखास पुढच्या पिढीत उतरणारे प्रकार विरळ, आणि ते बहुधा साठीच्या आतच डोकं वर काढतात.

वर्षभरानं पुन्हा चाचणी घेतली. गुण तेवढेच. बी-१२ ठीक, यंत्र कानात. वही अजून खिशात आहे, पण दुसरा रकाना पहिल्यापेक्षा भरलेला. मी म्हटलं, आता दोन वर्षांनी आलात तरी चालेल. अण्णांनी वही मिटली. "नको. दरवर्षीच येतो. आमचे वडील घाटावर सापडले तवा सत्तरचे होते. अजून अकरा वर्षं हाईत."